विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी अंदमान: पहिल्या सहलीचं दिवसवार वर्णन

मराठवाड्यातून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या माणसाचं पाणी म्हणजे विहीर, पाझर तलाव, गोदावरीचा घाट, फार तर जायकवाडीचा फुगवटा. म्हणून पहिल्यांदा अंदमानचं ठरलं की महाबळेश्वर-उटीच्या सवयीने 'पॉइंटां'ची यादी तयार होते आणि एका दिवसात चार-चार ठिकाणं कोंबली जातात. बेटावर ते जमत नाही. सूर्य किती वाजता बुडतो, ओहोटी कधी लागते आणि बोट कधी सुटते, यावर तिथला दिवस ठरतो. ते आधी बघायचं आणि ठिकाणं नंतर त्यात बसवायची. सहा रात्रींचा हा प्रवास तसाच मांडला आहे.

निघण्याआधी

आधी महिना ठरवा. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अंदमानात तीन हजारांच्या आसपास. नैऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी तिथे पोचतात, साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. उन्हाळी सुट्टीतच जायचं असेल तर परीक्षा संपताच, एप्रिलमध्ये उरकावं. मेअखेरचं स्वस्त पॅकेज स्वस्त का असतं ते बोटी रद्द व्हायला लागल्यावर कळतं. दिवाळीची सुट्टी सगळ्यांना सोयीची, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी समुद्र खवळतो आणि बंदरातून बोट सोडत नाहीत. सगळ्यात भरवशाचे दिवस मध्य जानेवारी ते मार्चअखेर. शेतीवाल्या घराला तूर घरात आल्यावरचा आणि ज्वारीच्या काढणीआधीचा जानेवारीचा उत्तरार्ध बरा पडतो.

महिना ठरला की भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत जास्त असतो, अष्टमीच्या आसपास सर्वांत कमी. खडकांवर चालत जाऊन समुद्रातले जीव बघायचे असतील तर अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस चांगले, कारण पाणी खूप मागे सरतं. तोंड पाण्यात घालून प्रवाळ बघायचा, म्हणजे स्नॉर्केलिंग करायचं, तर अष्टमीच्या आसपासचं शांत पाणी चांगलं. एका सहलीत दोन्ही शंभर टक्के जमत नाही. घरात लेकरं आणि म्हातारी माणसं असतील तर अष्टमी धरावी.

मग बुकिंग. विमान पहिलं, बेटांमधल्या बोटी दुसऱ्या, हॉटेल शेवटी. बरेच जण हॉटेलपासून सुरुवात करतात आणि हंगामात सकाळची बोट भरलेली निघाली की सगळं वेळापत्रक मोडतं. बोटीचं तिकीट काढताना नावं आधारकार्डावरची घाला. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं नसेल तर तिकिटावरही माहेरचंच नाव हवं. लेकरांची आधारकार्डं सोबत ठेवा. भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या आपल्या तीन मुक्कामांसाठी वेगळा परवाना लागत नाही.

नावांचा गोंधळही आधीच मिटवून टाका. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. रिक्षावाला, हॉटेलवाला जुनंच नाव घेतो, तिकिटावर नवं असतं.

बॅगेत काय? विमानात सामानाची मर्यादा बहुधा पंधरा किलो आणि हातात सात किलो असते. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, कडक भाकरी न्यायला हरकत नाही. तेलाचं लोणचं चेक-इनच्या बॅगेत, तेही दुहेरी पिशवीत. सुकं खोबरं मात्र चेक-इनमध्ये चालत नाही, कारण ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. वाहनपरवाना मूळ घ्या, बेटावर स्कूटर भाड्याने घेताना लागतो. तिथे यूपीआय चालतं, पण नेटवर्क गेलं की सगळं अडतं, आणि छोट्या बेटांवर एटीएम मोजकीच. माणशी चार-पाच हजार रोख जवळ असू द्यावेत.

आदला दिवस: हैदराबाद

लातूर, नांदेड, उदगीर, देगलूरकडच्यांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. थेट विमान मिळालं तर तेच घ्या, नाहीतर चेन्नईला बदलून. संभाजीनगर-जालन्याच्या लोकांनी दोन्ही बाजूंचे दर बघून ठरवावं. पोर्ट ब्लेअरची बरीच विमानं सकाळी लवकर असतात, म्हणून 'रात्रीच्या बसने पहाटे उतरू आणि थेट विमानतळ' हा हिशोब धोक्याचा. बस टोलनाक्यावर दोन तास अडकली की संपलं. शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर आहे, काचीगुडा किंवा सिकंदराबादहून तिथे जायला तास-दीड तास लागतो. आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करावा. त्या खोलीचे दीड-दोन हजार म्हणजे या सहलीतला सर्वांत उपयोगी खर्च.

चेन्नईहून जहाजही आहे, पण अडीच-तीन दिवस लागतात. पहिल्या सहलीला नको.

पहिला दिवस: श्री विजयपुरम

विमान उतरताना निळ्या पाण्यात हिरव्या डोंगरांचे तुकडे दिसतात आणि प्रत्येकाभोवती फिकट हिरवट कडा. ती कडा म्हणजे उथळ पाण्यातला प्रवाळ. आपल्याला जे बघायचं आहे ते बहुतेक त्या कडेतच असतं.

उतरल्यावर लगेच जाणवते ती दमट हवा. तापमान तिशीच्या आसपास असतं, लातूरच्या एप्रिलपुढे काहीच नाही, पण घाम वाळत नाही. दुसरी गोष्ट उजेडाची. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला. लातुरात डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो, इथे पाचच्या सुमाराला. जानेवारीअखेरही साडेपाचच्या आत दिवस संपतो. उलट पहाटे साडेपाचला चांगलं उजाडतं. पहिल्याच दिवसापासून जेवण, झोप, उठणं तासभर अलीकडे ओढा. सकाळी नऊला नाश्ता करणाऱ्या कुटुंबाचे दिवसाचे सर्वांत चांगले तीन तास वाया जातात.

दुपारनंतर सेल्युलर जेल. सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला ते बंद असतं, म्हणून विमानाची तारीख ठरवतानाच वार बघा. १८९६ ला काम सुरू होऊन १९०६ ला ही इमारत पुरी झाली. मधला मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, त्यांतल्या आज तीन उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. समोरच्या कैद्याशी नजरानजरसुद्धा होऊ नये, यासाठी ही रचना. एकाला एक कोठडी, म्हणून नाव सेल्युलर. बाबाराव सावरकर आधीपासून इथे होते, विनायक दामोदर सावरकरांना १९११ मध्ये आणलं. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. गुडघेदुखीवाल्यांनी खाली अंगणातला कोलू नीट बघावा. बैलाच्या जागी माणूस जुंपून तेल काढायचा घाणा कसा चालायचा, हे घाणा माहीत असलेल्या आपल्या जुन्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. जेल बघायला दीड-दोन तास ठेवा. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा, गर्दीत जागेवर मिळेलच असं नाही.

रात्री लवकर झोप. सकाळी बोट आहे.

दुसरा दिवस: स्वराज द्वीपकडे

खासगी वेगवान बोटी दीड-दोन तासांत नेतात. भाडं वर्गाप्रमाणे दीड हजाराच्या आसपास आणि वर. सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास घेते, भाडं बरंच कमी, पण तिकिटं पटकन संपतात. दोन्हींचे धक्के वेगळे असू शकतात. तिकिटावर हॅडो लिहिलंय की फिनिक्स बे, ते वाचून रिक्षात बसा. निघण्याच्या तासभर आधी पोचा, ओळखपत्र आणि सामान दोन्ही तपासतात.

एसटीत घाटात ज्यांना उलटी होते त्यांना बोटीतही होणार, असं धरून चाला. अवोमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. जागा खालच्या मजल्यावर, मधली घ्या, पुढचं टोक सर्वांत जास्त उसळतं. मोबाइलमध्ये बघू नका, खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघा. पोट अगदी रिकामंही नको आणि पुरी-भाजीने भरलेलंही नको. दोन केळी किंवा बिस्किटं पुरतात.

स्वराज द्वीपवर उतरलात की धक्क्याजवळच पुढच्या बोटीच्या वेळेची खात्री करून घ्या. फिरायला स्कूटर दिवसाला पाचशेच्या आसपास मिळते. म्हातारी माणसं असतील तर रिक्षा किंवा गाडी ठरवा आणि परतीचं भाडं आधीच बोलून घ्या, अंधार पडल्यावर राधानगर किनाऱ्यावरून रिकामी गाडी मिळत नाही.

राधानगर किनारा धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर, बेटाच्या पश्चिमेला. सूर्यास्त पाच-सव्वापाचचा, म्हणून तीनच्या आत तिथे हवं. चारला निघालेले लोक चपला काढेपर्यंत उजेड जातो. उंच झाडांच्या सावलीतून एकदम रुंद पांढरी वाळू लागते. वाळू बारीक, उतार हळूवार, पाणी कमरेपर्यंत स्वच्छ दिसतं. २०२० मध्ये या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. कपडे बदलायच्या खोल्या आणि नळ आहेत.

आता विहिरीची गोष्ट. मराठवाड्यातले चांगले पोहणारे बहुतेक विहिरीत शिकलेले, कमरेला डबा बांधून किंवा थेट ढकलून दिलेले. हातपाय पक्के असतात, पण तीन सवयी समुद्रात उलट्या पडतात. विहिरीत चार हात मारले की भिंत किंवा पायरी लागते, इथे काठ मागे पडत जातो आणि कळत नाही. विहिरीचं पाणी उभं, इथलं सरकणारं. आणि विहिरीत उडी मारणारा खोली गृहीत धरतो, इथे उथळ पाण्यात सूर मारला तर मान मोडते. खारं पाणी शरीर जास्त तोलतं, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत आत्मविश्वास वाढतो, नेमकं तेच फसवं आहे. छातीपर्यंतच्या पाण्यापुढे जाऊ नका आणि काठाला समांतर पोहा. पाणी आत ओढतंय असं वाटलं तर काठाच्या दिशेने झगडू नका. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडा आणि मग वळा. लाटेशी सरळ झुंजणारा दमतो, आणि दमलेला बुडतो.

खाऱ्या पाण्याच्या मगरी अंदमानात आहेत. जिथे पाटी आहे, जिथे ओढा समुद्राला मिळतो, तिथे पाण्यात उतरायचं नाही. जीवरक्षक शिट्टी मारून बोलावतो तेव्हा वाद घालत बसू नका.

बायकांनी साडीवर पाण्यात जाऊ नये. भिजलेली साडी जड होते, पायात गुंडाळते आणि लाट तिला ओढते. गुडघ्याखालपर्यंतची लेगिंग आणि अंगावर घट्ट बसणारा पूर्ण बाहीचा टी-शर्ट सर्वांत सोयीचा, उन्हालाही आणि लाजेलाही.

तिसरा दिवस: पाण्याखाली

उन्हाची सवय आहे म्हणून मराठवाड्याचा माणूस बेफिकीर असतो. पाण्यात गार वाटतं, त्यामुळे पाठ भाजल्याचं रात्रीच कळतं. पूर्ण बाही, मानेला कापड, सनस्क्रीन दर दोन तासांनी.

पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्यांना दोन पर्याय. एलिफंट बीचला धक्क्यावरून बोटीने वीसेक मिनिटं लागतात, तिथे लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करता येतं. पोहता येत नसलं तरी चालतं, पाण्यात तोंड घालून नाकाऐवजी तोंडाने श्वास घ्यायची सवय हवी. मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवून नाकाने हवा आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट किंवा मिशी मध्ये आली की पाणी झिरपतं. झुपकेदार मिशा राखणाऱ्यांनी नाकाखालची बोटभर पट्टी तरी कातरून जावं, नाहीतर अर्धा वेळ मास्क रिकामा करण्यात जाईल. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून खळबळून घेतात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण तोच उपाय सगळे करतात. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का, हे बुकिंगवेळीच विचारावं.

दुसरा पर्याय स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचा पहिला अनुभव. प्रशिक्षक शेवटपर्यंत टाकीला धरून सोबत असतो. खोली बारा मीटरच्या आत, वय किमान दहा वर्षं, खर्च साधारण साडेतीन ते पाच हजार. आधी आरोग्याचा फॉर्म भरायचा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, गोळ्यांवरचा रक्तदाब, यांतलं काही असेल तर ते लपवू नका. डॉक्टरांचं पत्र गावाहूनच घेऊन या, बेटावर आयत्या वेळी ते मिळवणं अवघड. सर्दी झाली असेल तर जाऊ नये. खाली गेलं की कानावर दाब येतो, तो नाक चिमटीत धरून हळू फुंकून काढायचा असतो, आणि चोंदलेल्या नाकाने तो निघत नाही. कान दुखायला लागेपर्यंत थांबू नका, दर मीटरला फुंका. दुखलं तर खूण करून थोडं वर या.

खुणा आधी पाठ करा. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे 'झकास'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या'. मजा येतेय म्हणून अंगठा दाखवणाऱ्यांना प्रशिक्षक निमूटपणे वर घेऊन येतो आणि फेरी तिथेच संपते. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. श्वास कधीच रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना. खोलीवर घेतलेली हवा वर येताना पसरते आणि फुप्फुसाला इजा करते.

अपेक्षाही थोड्या बेताच्या ठेवा. जाहिरातीतला प्रवाळ लाल-केशरी असतो, प्रत्यक्षात सगळं निळसर-करडं दिसतं, कारण पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. शिवाय २०१० मध्ये समुद्र तापल्याने इथला बराच प्रवाळ पांढरा पडला होता. तरी समुद्रफुलात लपणारा क्लाऊनफिश आणि प्रवाळ कुरतडणारा पोपटमासा हमखास दिसतात. प्रवाळावर उभं राहू नका. तो मोडतो आणि तळव्याची जखम दमट हवेत लवकर भरत नाही.

स्कूबा केल्यावर १८ तास विमानात बसायचं नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावरच्या कमी दाबाने बुडबुडे धरतो. म्हणून पाण्याखालचा दिवस सहलीच्या मध्यात ठेवला आहे, शेवटी नाही.

चौथा दिवस: शहीद द्वीप

बोटीने तासाभराचा प्रवास. बेट छोटं आणि सपाट, भाजीपाल्याची शेती भरपूर. इथली आणि स्वराज द्वीपवरचीही बरीच वस्ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची, त्यामुळे जेवणात मोहरीचं तेल, मासे आणि भात. हिंदी सगळ्यांना येते. ज्वारीची भाकरी मिळणार नाही. शाकाहारी थाळी मिळते, पण सकाळीच सांगून ठेवावी. उपवासाचा साबुदाणा आणि दाण्याचं कूट घरून न्यावं, गरम पाणी कुठेही देतात.

संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त. इथे पाणी उथळ आणि तळाला प्रवाळ, म्हणून पोहण्यापेक्षा बसायला चांगलं. वाळूतली बारीक माशी संध्याकाळी चावते, पायांना खोबरेल चोळून जा.

पाचवा दिवस: ओहोटी आणि परत

हा दिवस घड्याळावर नाही, ओहोटीवर चालतो. बेटाचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर, एवढीच वेळ. दोन भरतींमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचं अंतर असतं आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री विचारलं की वेळ कळते, पुढचा हिशोब स्वतः करता येतो. वाट शेवाळलेल्या खडकांवरून, हवाई चप्पल घसरते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी. गुडघेदुखीवाल्यांनी इथे येऊ नये, त्यांच्यासाठी भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट आहे. उघड्या पडलेल्या डबक्यांत समुद्रकाकडी, शिंपले, खेकडे दिसतात. वाटाड्या हातात घेऊन दाखवायला निघाला तर नको म्हणा.

दुपारच्या बोटीने श्री विजयपुरमला परत. परतीचं विमान आणि बोट एकाच दिवशी कधीही ठेवू नका. वाऱ्यामुळे बोट सुटली नाही तर बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतील, विमानाचे नाही. मधली एक रात्र त्यासाठीच.

सहावा दिवस

नेताजी द्वीपवर जुने इंग्रजी अवशेष आणि त्यांवर चढलेली वडाची मुळं, माणसाळलेली हरणं. सकाळी दोन-तीन तास पुरतात. दुपारी चिडिया टापू, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, सूर्यास्ताला.

बाराटांगची चुनखडीची गुहा अनेक पॅकेजमध्ये असते. त्यासाठी पहाटे तीन-साडेतीनला निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून पोलिसांच्या ताफ्यासोबत जावं लागतं. तिथे गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हे गुन्हे आहेत. लेकरंबाळं घेऊन पहिल्या सहलीला जाणाऱ्यांनी ते सोडून द्यावं. दिवसातले दहा-बारा तास त्यात जातात, आणि माणसांच्या घरातून माणसं बघत जाणं हे काही पर्यटन नव्हे.

सातवा दिवस: परत

बॅग भरताना प्रवाळाचे तुकडे आणि वाळूत सापडलेले शंख काढून टाका. प्रवाळ आणि कित्येक शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर तपासणीत अडकतात. लेकरांच्या दप्तराचे कप्पेही बघा, सगळ्यात जास्त तिथूनच निघतात. दुकानातून घेतलेल्या शंखाचं बिल सोबत ठेवा. ओले कपडे आदल्या रात्रीच वाळत घाला, तिथल्या हवेत ते सकाळपर्यंत जेमतेम सुकतात आणि ओल्याने वजन पंधरा किलोच्या वर जातं.

हैदराबादला उतरल्यावर नांदेड-लातूरची बस किंवा रेल्वे पकडायची असेल तर विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत किमान पाच तास ठेवा. रात्री साडेदहानंतरची स्लीपर बस घेतली तर विमानाला उशीर झाला तरी ती सापडते, आणि सकाळी घरी पोचता.